अ‍ॅटलास मणका, व्हेगस नर्व्ह आणि अ‍ॅसिडिटी: मानेच्या कायरोप्रॅक्टिक उपचारांनी पचन सुधारतं का?

प्रश्न डलासहून आला आहे. वय 41, दिवसभर लॅपटॉपसमोर काम. दोन वर्षांपासून मान आखडते, डोक्याच्या मागच्या बाजूने दुखणं वर चढतं, आणि त्याच काळात अ‍ॅसिडिटी आणि बद्धकोष्ठताही वाढली. तिथल्या एका कायरोप्रॅक्टरने (हाताने मणक्यांवर दाब किंवा झटका देऊन उपचार करणाऱ्याने) एक्स-रे काढून सांगितलं की मानेचा पहिला मणका, म्हणजे अ‍ॅटलास, जागचा सरकला आहे. तो व्हेगस नर्व्हवर दाब देतो आणि म्हणून पोट बिघडलं आहे. काही महिन्यांचं पॅकेज घेतलं तर मान सुटेल आणि पचनही सुधारेल. "हे घेऊ का? शिवाय साताऱ्याला माझी आई असते. तिला आमवात आहे, बद्धकोष्ठता जुनी आहे. तिच्यासाठी पुण्यात असं कोणी बघू का?"

मी फिजिओथेरपिस्ट आहे. मान आणि पाठ हेच माझं रोजचं काम, आणि हाताने सांधे मोकळे करण्याच्या उपचारांवर माझा भरवसा आहे. तो भरवसा ठेवूनच सांगतो: मान दुखते म्हणून मानेवर उपचार जरूर घ्या, पण पोटासाठी हे पॅकेज घेऊ नका. आईच्या मानेला तर कोणालाही झटका देऊ देऊ नका. आता कारणं जरा विस्ताराने सांगतो, कारण तुम्हाला जे सांगितलं गेलं त्यात थोडं खरं आहे, आणि त्या थोड्याशा खऱ्यामुळे बाकीचंही पटून जातं.

खरं काय, ते आधी. व्हेगस ही मेंदूतून निघणारी दहावी नर्व्ह. ती मेंदूच्या बुडातून निघते, कवटीच्या तळाशी असलेल्या एका छिद्रातून बाहेर पडते आणि मानेतली मोठी धमनी आणि मोठी शीर यांच्यामधून, त्यांच्याच वेष्टनातून, छातीकडे उतरते. वाटेत ती अ‍ॅटलासच्या आडव्या टोकाच्या पुढून जाते. म्हणजे "अ‍ॅटलास आणि व्हेगस जवळजवळ असतात" हे वाक्य बरोबर आहे. पुढे ती हृदय, फुप्फुसं, जठर, लहान आतडं आणि मोठ्या आतड्याचा पहिला अर्धा-अधिक भाग इथपर्यंत पोचते. पचनाशी तिचा संबंध आहे, तोही अगदी जवळचा.

पण ती मणक्यांच्या छिद्रांतून जात नाही. हाताकडे जाणाऱ्या नर्व्ह मणक्यांच्या फटीतून बाहेर पडतात, म्हणून तिथे गादी सरकली किंवा हाड वाढलं की त्या दबतात. व्हेगस मणक्यांच्या पुढून, मऊ भागातून जाते आणि तिथे तिला हलायला जागा असते. मानेच्या या उंचीवर ती खरोखर दबली, तर पहिलं लक्षण पोटाचं नसेल. घशाला आणि स्वरयंत्राला जाणाऱ्या तिच्या फांद्या याच्या खालीच फुटतात. त्यामुळे आधी आवाज घोगरा होईल, पाणी पिताना ठसका लागेल, गिळायला त्रास होईल. शेजारून जाणारी अकरावी नर्व्हही सापडली तर खांदा उचलताना कमजोरी जाणवेल. असा त्रास गाठ, मोठी दुखापत किंवा फ्रॅक्चर यांत दिसतो. तुमच्या पत्रात यातलं काहीच नाही. आवाज आणि गिळणं शाबूत ठेवून व्हेगसवरचा दाब फक्त अ‍ॅसिडिटीच वाढवेल, हे शरीररचनेत बसत नाही.

बद्धकोष्ठतेची गोष्ट तर आणखी वेगळी. मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग आणि गुदाशय यांना व्हेगस पोचतच नाही. त्यांच्या नर्व्ह येतात पाठीच्या कण्याच्या अगदी खालच्या टोकाकडून, माकडहाडाच्या वर असलेल्या त्रिकास्थीतून. शौचाला जोर लावावा लागणं, पोट साफ न झाल्यासारखं वाटणं, या तक्रारी बहुधा याच शेवटच्या टप्प्यातल्या असतात. त्यांचं मूळ पहिल्या मणक्यात शोधायचं म्हटलं तर नर्व्हचा रस्ताच सापडत नाही.

व्हेगस बंद पडली तर पोटाचं नेमकं काय होतं, हे वैद्यकशास्त्राला अंदाजाने सांगावं लागत नाही. शिकागोच्या लेस्टर ड्रॅगस्टेड यांनी 1943 मध्ये अल्सरसाठी व्हेगस कापण्याची शस्त्रक्रिया सुरू केली आणि पुढची काही दशकं ती जगभर झाली. नर्व्ह कापल्यावर जठरातलं आम्ल कमी झालं. म्हणजे अ‍ॅसिडिटी वाढली नाही, उतरली. पण जठर रिकामं व्हायला वेळ लागू लागला, म्हणून जठराचं तोंड रुंद करणारी जोडशस्त्रक्रिया करावी लागे, आणि काही रुग्णांना जुलाब होत. नंतर आम्ल कमी करणारी औषधं आली. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू दाखवून दिला (त्यांना 2005 मध्ये नोबेल मिळालं) आणि ती शस्त्रक्रिया मागे पडली. "व्हेगस दबली म्हणून अ‍ॅसिडिटी आणि बद्धकोष्ठता" हे सांगणाऱ्याने या इतिहासाशी आपलं म्हणणं जुळवून दाखवायला हवं.

आता एक्स-रे. अ‍ॅटलास एका बाजूला थोडा जास्त दिसणं हे कसलाही त्रास नसलेल्या माणसांतही सर्रास आढळतं. फोटो काढताना डोकं किंचित वळलं किंवा कललं तरी दोन्ही बाजूंचं अंतर वेगळं दिसतं. पहिल्या आणि दुसऱ्या मणक्यांमधला सांधा फिरण्यासाठीच घडलेला आहे. मान डावी-उजवीकडे वळते त्यातलं जवळपास निम्मं वळणं तिथे होतं. अशा सांध्याचा एका क्षणाचा फोटो पाहून "सरकला" म्हणणं मला पटत नाही. खरोखर सरकलेला अ‍ॅटलास ही तातडीची बाब असते आणि ती न्यूरोसर्जनकडे जाते. पॅकेजने ती सुटत नाही.

ही कल्पना आली कुठून, तेही पाहू. कायरोप्रॅक्टिकची सुरुवात डॅनियल डेव्हिड पामर यांनी 1895 मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या डेव्हनपोर्टला केली. सरकलेले मणके हेच बहुतेक आजारांचं मूळ, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांचा मुलगा बी. जे. पामर याने 1930 च्या दशकात त्याहून पुढे जाऊन सगळा भर मानेच्या वरच्या दोन मणक्यांवर दिला. आज 'अपर सर्व्हायकल' नावाने चालणाऱ्या पद्धती त्याच वाटेवरच्या. त्या काळात माणसांना पटण्याजोगं दुसरं स्पष्टीकरण फारसं नव्हतं, हे समजून घेता येतं. पण आज खुद्द कायरोप्रॅक्टिक व्यवसायातच यावर दोन तट आहेत. ब्रिटनच्या जनरल कायरोप्रॅक्टिक कौन्सिलने 2010 मध्ये आपल्या सदस्यांना लेखी कळवलं की सरकलेला मणका हा आजाराचं कारण असल्याचा दावा करण्याइतका संशोधनाचा आधार नाही. मान-पाठदुखीवर प्रामाणिकपणे काम करणारे कितीतरी कायरोप्रॅक्टर अमेरिकेत आहेत, आणि त्यांच्याशी माझा काहीच वाद नाही.

पुरावा किती आहे? पचनाच्या तक्रारींवर मानेच्या वरच्या भागाच्या उपचारांबद्दल जे छापलं गेलं आहे ते मुख्यतः एकेका रुग्णाच्या हकिकतींच्या स्वरूपात आहे. त्यातल्या त्यात नीट चाचण्या झाल्या त्या तान्ह्या बाळांच्या पोटशुळावर. नॉर्वेत 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 86 बाळं होती. कोणत्या बाळाला उपचार मिळाले हे पालकांना आणि मोजणाऱ्यांना कळू दिलं नव्हतं. दोन्ही गटांतली बरीच बाळं सुधारली आणि दोन्ही गटांत फरक आढळला नाही. पुढे 2019 मध्ये टोरोंटोला संशोधक जमले, त्यात कायरोप्रॅक्टिकमधलेही बरेच होते. हाडा-स्नायूंपलीकडच्या आजारांवर मणक्यांच्या उपचारांचा परिणाम दाखवणाऱ्या चांगल्या चाचण्या त्यांनी तपासल्या. 2021 मध्ये छापलेला त्यांचा निष्कर्ष असा की तपासलेल्या आजारांत, म्हणजे बाळांचा पोटशूळ, मुलांचा दमा, रक्तदाब, मासिक पाळीतल्या वेदना आणि मायग्रेन यांत, परिणामाचा पुरावा नाही.

"पण माझ्या ऑफिसमधल्या एकीला फरक पडला" असं तुम्ही लिहिलं आहे. पडला असेल, मी नाकारत नाही. इरिटेबल बॉवेलसारख्या (आतड्यांत दोष न दिसताही पोट वारंवार बिघडण्याच्या) तक्रारी आपोआप कमी-जास्त होतात आणि माणूस उपचाराला जातो तो त्रास अगदी वर गेला असताना. दुसरं, आणि मला स्वतःला जास्त महत्त्वाचं वाटणारं: कोणी शांतपणे तासभर ऐकून घेणं, हात लावणं, पुन्हा बोलावणं याचा पोटावर खरंच परिणाम होतो. हार्वर्डच्या टेड कॅपचुक यांच्या गटाने 2008 मध्ये इरिटेबल बॉवेलच्या 262 रुग्णांवर हे मोजलं. उपचार न देता नुसतं थांबवून ठेवलेल्यांपैकी 28 टक्क्यांना तीन आठवड्यांत पुरेसा आराम वाटला. खोटं अ‍ॅक्युपंक्चर मिळालेल्यांपैकी 44 टक्क्यांना वाटला. त्याच खोट्या अ‍ॅक्युपंक्चरसोबत आपुलकीने बोलणारा, वेळ देणारा उपचारक मिळाला, तेव्हा 62 टक्क्यांना. आम्ही दवाखान्यात बसणाऱ्या सगळ्यांनीच हे आकडे लक्षात ठेवावेत असे आहेत. रुग्णाला मिळालेला आराम खोटा नव्हता. पण त्यावरून मणका सरकला होता हे सिद्ध होत नाही.

काही ठिकाणी हृदयाच्या ठोक्यांमधल्या बदलाचा आलेख काढून "तुमची व्हेगस सुधारली" असं दाखवतात. तो आलेख सावकाश श्वास घेतल्यानेही बदलतो, पाच मिनिटं पडून राहिल्यानेही बदलतो. पचन सुधारलं की नाही हे त्यातून कळत नाही.

मग मान आणि पोट यांचा संबंध नाहीच का? आहे. तो वेगळ्या वाटांनी आहे, आणि तुमच्या बाबतीत मी आधी तिथे बघेन.

पहिली वाट वेदनाशामक गोळ्यांची. मान दुखणाऱ्या माणसाला पहिल्या भेटीत मी विचारतो की गोळ्या कोणत्या आणि आठवड्यातून किती. अमेरिकेत आयबुप्रोफेन आणि नॅप्रोक्सेन चिठ्ठीशिवाय मिळतात. आपल्याकडे डायक्लोफिनॅक आणि अ‍ॅसिक्लोफिनॅक घरात पडलेल्याच असतात. जठराचं अस्तर राखणारी रसायनं या गोळ्या कमी करतात, त्यातून जळजळ आणि अल्सर होतो. मानेसाठी ट्रॅमाडॉल किंवा अ‍ॅमिट्रिप्टिलीन चालू असेल तर बद्धकोष्ठता त्यानेच होऊ शकते. "मान आणि पोट एकाच वेळी बिघडलं" याचं हे मला सर्वाधिक वेळा सापडणारं कारण आहे. तुम्ही पत्रात गोळ्यांचा उल्लेख केलेला नाही, म्हणून तो प्रश्न स्वतःला आज विचारा.

दुसरी वाट अर्धशिशीची. मानेच्या वरच्या तीन नर्व्ह आणि चेहऱ्या-कपाळाची नर्व्ह यांचे संदेश मेंदूच्या बुडाशी एकाच ठिकाणी एकत्र येतात. म्हणून मानेचं दुखणं डोक्यात जातं आणि अर्धशिशीत मान धरते. अर्धशिशीच्या झटक्यात जठर रिकामं होण्याचा वेगही मंदावतो. मळमळ होते, उलटी झाली की बरं वाटतं. आपल्याकडे याला "पित्त झालं" म्हणून वर्षानुवर्षं पित्ताच्या गोळ्या खाणारी कितीतरी माणसं आहेत. तुमचं डोक्याच्या मागून वर चढणारं दुखणं मळमळीसोबत येत असेल, उजेड आणि आवाज नकोसा होत असेल, तर न्यूरोलॉजिस्टला दाखवा. डोकेदुखी आटोक्यात आली की तुमच्या 'पोटाचा' एक भाग आपोआप शांत होईल.

तिसरी वाट श्वासपटलाची (छाती आणि पोट यांच्यामधल्या श्वासाच्या स्नायूची, डायफ्रामची), आणि ती मला सगळ्यांत उपयोगाची वाटते. श्वासपटलाची नर्व्ह मानेच्या तिसऱ्या ते पाचव्या मणक्यांच्या पातळीवरून येते. अन्ननलिका श्वासपटलातून खाली उतरते तिथे त्याचे स्नायू तिला वेढा घालतात. जेवण वर येऊ नये म्हणून जी झडप काम करते, तिचा एक भाग म्हणजे हाच वेढा. आखडलेल्या मानेने ही नर्व्ह बिघडत नाही, तसा दावा मी करणार नाही. पण मान-खांदे आवळून, छातीच्या वरच्या भागाने श्वास घेणारे लोक मानेच्या स्नायूंनाही थकवतात आणि श्वासपटलाचा वापरही कमी करतात. ऑस्ट्रियातल्या ग्राझमध्ये 2012 साली एक छोटी चाचणी झाली. पोटाने श्वास घेण्याचा सराव करणाऱ्या रिफ्लक्सच्या रुग्णांत अन्ननलिकेत आम्ल येणं कमी झालं, आणि ज्यांनी सराव चालू ठेवला त्यांची औषधंही कमी झाली. चाचणी छोटी आहे, पण व्यायाम निर्धोक आहे आणि फुकट आहे.

याखेरीज मानेत मज्जारज्जूवर दाब आला तर शौच-लघवीवरचा ताबा बिघडू शकतो. त्यासोबत चालताना तोल जाणं, हाताने शर्टाची बटणं लावता न येणं अशी लक्षणं असतात, आणि तेव्हा मालिश किंवा झटका यांत एक दिवसही घालवू नये. उतारवयात मानेच्या मणक्यांच्या पुढे हाड वाढून गिळताना घास अडकल्यासारखं होतं, तेही खरं. आणि एक गोष्ट ठळकपणे सांगतो: "गॅस मानेत चढलाय, छातीत अडकलाय" असं म्हणत सोडा पिऊन झोपलेल्या माणसाला हार्ट अटॅक असू शकतो. मान, जबडा किंवा डावा हात दुखत असताना पोट गच्च वाटणं, घाम येणं, जीव घाबरा होणं असं झालं तर मानेच्या किंवा पोटाच्या नव्हे, इमर्जन्सीच्या दारात जायचं.

आता धोक्याबद्दल, न घाबरवता. मज्जारज्जूचा वरचा भाग आणि मेंदूचा मागचा भाग यांना रक्त देणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांच्या छिद्रांतून वर जातात आणि अ‍ॅटलासवर वळसा घेऊन कवटीत शिरतात. मान झटक्यात वळवली तर त्यांच्या आतल्या अस्तराला चीर पडून स्ट्रोक होऊ शकतो. हे क्वचित घडतं. अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2014 मध्ये हा संबंध मान्य केला, कारण-परिणाम सिद्ध झालेला नाही हेही सांगितलं आणि उपचाराआधी रुग्णाला धोक्याची कल्पना द्यावी असं सुचवलं. कॅनडातल्या 2008 च्या एका मोठ्या अभ्यासात असं दिसलं की फॅमिली डॉक्टरकडे गेलेल्यांतही हा स्ट्रोक आढळतो. म्हणजे काही जण चीर पडल्यानेच मान दुखते म्हणून उपचाराला येतात. पण माझ्या दृष्टीने यातूनच सावधगिरी वाढते: अचानक सुरू झालेली, पूर्वी कधीच नव्हती अशी मानदुखी, चक्कर, डबल दिसणं, बोलणं अडखळणं असेल तर त्या मानेला हात लावायचा नाही. काही अपर सर्व्हायकल पद्धतींत झटका नसतो, अगदी हलका दाब असतो. त्यांत हा धोका तसा लागू होत नाही. पोटाबद्दलचा दावा मात्र तिथेही तितकाच निराधार राहतो.

मानदुखीसाठी झटक्याविना मोबिलायझेशन (हाताने सांधे हळूहळू हलवून मोकळे करणं), मानेच्या खोल स्नायूंचे आणि खांद्याच्या पात्यांचे व्यायाम, स्क्रीनची उंची वाढवणं, दर अर्ध्या तासाने उठणं, यांवर भर द्या. हे उपचार कायरोप्रॅक्टरकडून घेतले तरी चालतील, पण महिन्यांचे पैसे आधी भरू नका. पाच-सहा बैठकींत मान वळणं आणि दुखणं यांत फरक दिसायला हवा. त्यांना सरळ सांगा की मला मानेचे उपचार हवे आहेत, मानेला झटका नको आहे.

पोटासाठी तुमच्या प्रायमरी केअर डॉक्टरकडे जा आणि थायरॉइड, हिमोग्लोबिन, हेलिकोबॅक्टर या तपासण्यांबद्दल विचारा. वजन आपोआप उतरणं, काळी किंवा रक्तमिश्रित शौच, घास अडकणं, अ‍ॅनिमिया, घरात कोणाला मोठ्या आतड्याचा कर्करोग, यांपैकी काही असेल तर थेट गॅस्ट्रोएन्टेरॉलॉजिस्ट. अमेरिकेत मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची नेहमीची तपासणी 45 व्या वर्षी सुरू होते, पण तक्रार असेल तर त्या वयाची वाट बघत नाहीत. रात्रीचं जेवण झोपण्याआधी तीन तास उरका. पलंगाची डोक्याकडची बाजू 15 ते 20 सेंटिमीटर उचला (नुसत्या उशा वाढवल्या तर मान आणखी आखडते), डाव्या कुशीवर झोपा. इसबगोल भरपूर पाण्यासोबत घ्या. कमोडवर बसताना पायाखाली छोटा स्टूल ठेवा. भारतीय पद्धतीने उकिडवं बसण्याची सवय असलेल्यांना याने लक्षणीय फरक पडतो. एवढं करूनही जोर लावावाच लागत असेल तर ओटीपोटाच्या तळाचे स्नायू चुकीच्या वेळी आवळले जात असतील. त्यावर बायोफीडबॅक नावाचं प्रशिक्षण मिळतं, आणि ते देणारे पेल्व्हिक फ्लोअर फिजिओथेरपिस्ट डलाससारख्या शहरात सहज सापडतील.

आईबद्दल. आमवात जुना असेल तर पहिल्या आणि दुसऱ्या मणक्यांना बांधून ठेवणारा लिगामेंट सैल पडू शकतो, आणि तो सैल आहे हे बाहेरून कळत नाही. अशा मानेला दिलेला झटका मज्जारज्जूवर जाऊ शकतो. भारतात कायरोप्रॅक्टिकसाठी डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टसारखी नोंदणी परिषद नाही, त्यामुळे रीलमध्ये मान कडकन वाजवणारा माणूस काय शिकला आहे हे तपासायची सोय तुमच्याकडे नाही. हाडवैद्य, सलूनमध्ये चंपीनंतर मान मोडणं, हेही तिच्यासाठी बंद. मान दुखत असेल तर ऱ्हुमॅटॉलॉजिस्टला सांगून मान पुढे-मागे वाकवलेल्या स्थितीतला एक्स-रे काढून घ्या, आणि मग राज्य परिषदेत नोंदणी असलेल्या फिजिओथेरपिस्टला तो दाखवा.

तिच्या बद्धकोष्ठतेसाठी आधी तिच्या गोळ्यांच्या डब्याचा फोटो मागवा. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांनी शौचाला घट्टपणा येतो. दोन्ही चालू असतील तर लोहाची वेगळी मात्रा किंवा प्रकार द्यायला तिचे डॉक्टर तयार होतील. सांधे दुखतात म्हणून ती उकिडवं बसणं आणि शौचाची हाक टाळत असेल, गुडघ्यांमुळे रात्री उठायला नको म्हणून पाणी कमी पीत असेल, तर तेही फोनवर हळूच विचारून घ्या.